साहेब ओरडले की हॉस्पिटल सुधारतं का? कर्मचाऱ्यांचं मनोबल आणि पेशंटचा जीव यांचा संबंध काय?

७ जून २०२५, शनिवार. बांबोळीतल्या गोवा मेडिकल कॉलेजची, म्हणजेच 'गोमेकॉ'ची कॅज्युअल्टी. राज्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे तिथे अचानक पोहोचले. समोर ड्युटीवर असलेले मुख्य वैद्यकीय अधिकारी, आजूबाजूला स्टाफ आणि पेशंट, आणि कॅमेरा चालू. त्या सगळ्यांसमोर मंत्र्यांनी डॉक्टरांना झापलं आणि सोबत असलेल्या वैद्यकीय अधीक्षकांना त्यांना निलंबित करायला सांगितलं.

काही तासांत हा व्हिडिओ देशभर फिरला. कमेंट्समध्ये दोन गट पडले. एक म्हणत होता, 'बरं झालं, सरकारी डॉक्टरांना असंच पाहिजे.' दुसरा म्हणत होता, 'दिवसरात्र राबणाऱ्या माणसाला चारचौघांत असं बोलतात का?'

या वादात एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. वरिष्ठांनी असं झापल्यावर हॉस्पिटलचं काम खरंच सुधारतं का? आणि त्याच कॅज्युअल्टीत दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पेशंटला त्याचा फायदा होतो की तोटा?

या प्रश्नावर जगभरात बराच अभ्यास झालेला आहे. त्यातून काय समोर आलंय, ते पाहू.

गोव्यात नेमकं काय घडलं होतं?

एका ज्येष्ठ महिलेला कॅज्युअल्टीत इंजेक्शन द्यायला नकार दिला आणि उद्धट वागणूक मिळाली, अशी तक्रार मंत्र्यांपर्यंत गेली होती. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. ते इंजेक्शन व्हिटॅमिन बी-१२ चं होतं आणि ही इमर्जन्सी नव्हती. कॅज्युअल्टी तातडीच्या पेशंटसाठी असते, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी डॉक्टरांना निलंबित केलं जाणार नाही, असं जाहीर केलं. तोवर डॉक्टरांच्या संघटना आक्रमक झाल्या होत्या. गोमेकॉत आंदोलन सुरू झालं. राणे यांनी आपल्या कठोर शब्दांबद्दल माफी मागितली. पण अपमान जिथे झाला तिथेच, म्हणजे कॅज्युअल्टीत येऊन माफी मागावी, अशी डॉक्टरांची मागणी होती. मुख्यमंत्र्यांनी आंदोलकांची भेट घेतल्यानंतर हे प्रकरण निवळलं.

पेशंटची तक्रार खरी असू शकते. ती ऐकायलाच हवी. पण ती सोडवायच्या पद्धतीमुळे विषयच बदलून गेला. त्या महिलेला इंजेक्शन कुठे आणि कसं मिळायला हवं होतं, शनिवारी अशा पेशंटची सोय कुठे असते, हे प्रश्न मागे पडले. चर्चा राहिली ती फक्त मंत्री आणि डॉक्टर यांची.

असं पहिल्यांदाच घडलं का?

नाही. महाराष्ट्रात यापेक्षाही टोकाचा प्रकार घडलेला आहे.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जणांचा मृत्यू झाल्याची बातमी आली. त्यात १२ नवजात बाळं होती. राज्यभर संताप उसळला आणि तो साहजिकच होता. दोन दिवसांनी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे पोहोचले आणि त्यांनी हॉस्पिटलच्या प्रभारी डीनना हातात झाडू देऊन घाण झालेलं टॉयलेट साफ करायला लावलं. याचाही व्हिडिओ व्हायरल झाला. पुढे पाटील यांच्यावर ॲट्रॉसिटी कायद्यासह इतर कलमांखाली गुन्हा दाखल झाला.

मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. तेव्हा चर्चा वेगळ्याच गोष्टींवर आली: रिकाम्या जागा, औषधखरेदी, क्षमतेपेक्षा जास्त पेशंट. यातली एकही गोष्ट डीनच्या हातात झाडू देऊन सुटणारी नव्हती.

तरीही असे व्हिडिओ लोकांना आवडतात. त्यात कुणीतरी 'ॲक्शन' घेताना दिसतं. रांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसाला वाटतं, चला, कुणीतरी आपली बाजू घेतली. ती भावना खोटी नाही. पण त्या ॲक्शनचा पुढे परिणाम काय होतो, हे व्हिडिओत दिसत नाही.

अपमानाचा उपचारांवर परिणाम होतो का?

इस्रायलमध्ये याची थेट चाचणी घेण्यात आली. 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टर आणि नर्सच्या २४ टीम निवडल्या होत्या. प्रत्येक टीमला प्रशिक्षणाचा भाग म्हणून एक बनावट केस दिली गेली. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ, तब्येत अचानक बिघडतेय, आतड्याचा गंभीर आजार. तो ओळखायचा आणि उपचार करायचे. परदेशातला एक तज्ज्ञ तुमचं काम बघतोय, असंही त्यांना सांगितलं होतं.

काही टीमशी हा 'तज्ज्ञ' साधं बोलला. बाकीच्या टीमना त्याने टोमणे मारले. इथल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा पाहून आपण फारसे प्रभावित झालो नाही आणि असे लोक आपल्या विभागात आठवडाभरही टिकणार नाहीत, अशा अर्थाचे. त्याने शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही, निलंबनाची धमकीही दिली नाही.

कोणत्या टीमला टोमणे बसले, हे गुण देणाऱ्या परीक्षकांना माहीत नव्हतं. निकाल आला तेव्हा टोमणे ऐकलेल्या टीम आजार ओळखण्यात आणि उपचार करण्यात, दोन्हींत कमी पडल्या होत्या. टीम-टीममधल्या कामगिरीत जो फरक दिसला, त्यातला जवळपास १२ टक्के फरक एकट्या उद्धटपणाने समजावता येत होता.

असं का झालं? संशोधकांना दोन कारणं सापडली. टोमणे बसल्यावर लोकांनी एकमेकांना माहिती देणं कमी केलं आणि मदत मागणंही कमी केलं. 'हे मला जरा वेगळं वाटतंय, तू बघतोस का?' हे वाक्य बोललंच गेलं नाही.

अतिदक्षता विभागात हे एक वाक्य जीव वाचवू शकतं.

चांगल्या वॉर्डमध्ये चुका जास्त?

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात, संशोधक म्हणून सुरुवात करताना, दोन हॉस्पिटलमधल्या वॉर्डांचा अभ्यास केला. औषधं देण्यात कुठे किती चुका होतात, हे त्या पाहत होत्या. अंदाज सरळ होता. ज्या वॉर्डमध्ये टीम चांगली, तिथे चुका कमी.

आकडे उलटे आले. ज्या टीममध्ये नातेसंबंध चांगले होते, इन्चार्ज समजूतदार होती, तिथे चुका जास्त नोंदवल्या गेल्या होत्या.

खोलात गेल्यावर उलगडा झाला. चांगल्या वॉर्डमध्ये चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. धाकातल्या वॉर्डमध्ये त्या लपवल्या जात होत्या. रजिस्टर कोरं होतं, म्हणून वॉर्ड चांगला दिसत होता.

एडमंडसन यांनी पुढे या गोष्टीला 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' हे नाव वापरलं. साध्या मराठीत सांगायचं तर, खरं बोललो म्हणून आपली मान कापली जाणार नाही, याची खात्री.

'मनोबल' म्हटलं की आपल्याला वाटतं, लोक आनंदी आहेत की नाहीत, हसतात की नाहीत. हॉस्पिटलमध्ये या शब्दाचा अर्थ जास्त गंभीर आहे. रात्री तीन वाजता नव्या सिस्टरच्या लक्षात आलं की डॉक्टरांनी लिहिलेला डोस जास्त वाटतोय. ती फोन उचलून विचारेल का? की 'आपल्याला काय करायचंय, उगाच बोलणी खायची' म्हणून इंजेक्शन भरेल? त्या वॉर्डचं मनोबल या एका निर्णयात कळतं.

भीती वरून खाली कशी झिरपते?

याचं सर्वांत भयंकर उदाहरण इंग्लंडमधल्या स्टॅफर्डचं आहे.

२००५ ते २००९ या काळात मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटचे अक्षरशः हाल झाले. वेळेवर जेवण-पाणी नाही, अंथरूण ओलं झालं तरी बदलायला कोणी नाही, वेदनेने ओरडणाऱ्याकडे कोणी बघत नाही. पुढे रॉबर्ट फ्रान्सिस या ज्येष्ठ वकिलाच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला आणि त्यात तब्बल २९० शिफारशी होत्या.

अहवालात काय दिसलं? ट्रस्टच्या वरिष्ठांचं लक्ष खर्च कमी करण्यावर आणि सरकारी टार्गेट गाठण्यावर होतं. स्टाफ कमी केला गेला. तिथे इमर्जन्सीत आलेल्या पेशंटचं चार तासांच्या आत काय ते ठरवायचं, असं टार्गेट होतं. ते चुकल्याचं दिसू नये म्हणून वेळेच्या खोट्या नोंदी करायला दबाव आणला जात होता, असं तिथल्या एका नर्सने चौकशीत सांगितलं. तिने आवाज उठवल्यावर सहकाऱ्यांकडूनच तिला धमक्या मिळाल्या.

या ट्रस्टमध्ये काम करणारे सगळेच वाईट होते का? नाही. पण वरच्याला फक्त आकडा हवा असेल, तर मधला आकडा देतो आणि खालचा गप्प बसतो. गप्प बसलेला माणूस काही महिन्यांनी बघायचंही थांबवतो. पेशंट हाक मारतोय हे त्याला ऐकूच येत नाही. बाहेरून त्याला आपण 'निर्दयी' म्हणतो. त्याची सुरुवात बऱ्याचदा 'मी बोलून काय उपयोग' इथून झालेली असते.

या प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या ट्रस्टमध्ये एक नवं पद आलं. कर्मचारी न घाबरता जाऊन आपली शंका सांगू शकेल असा माणूस. 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन' असं त्या पदाचं नाव आहे.

एका बॉसमुळे असा किती फरक पडतो?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने हे मोजून पाहिलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २,८०० हून जास्त डॉक्टरांनी आपल्या थेट वरिष्ठाला गुण दिले. प्रश्न साधे होते. तो माझं मत विचारतो का? मला मानाने वागवतो का? चांगल्या कामाचं कौतुक करतो का? काय बदल होताहेत ते मला सांगतो का? असे १२ प्रश्न आणि एकूण ६० गुण.

वरिष्ठाचा एक गुण वाढला की त्याच्या हाताखालच्या डॉक्टरमध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार पिळून निघण्याची शक्यता ३.३ टक्क्यांनी कमी दिसली. कामात समाधान वाटण्याची शक्यता ९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ६० पैकी फक्त एका गुणामागे हा फरक होता.

यातल्या एकाही प्रश्नाचा संबंध पगाराशी किंवा नव्या इमारतीशी नव्हता, हे लक्षात घ्या.

'पॉझिटिव्ह लीडरशिप' म्हणजे योगा आणि केक का?

आपल्याकडे हा शब्द आला की डोळ्यासमोर ठरावीक चित्र येतं. १२ मे ला नर्सेस डे, १ जुलैला डॉक्टर्स डे. हॉलमध्ये बॅनर, केक, गुलाबाचं फूल आणि 'तणावमुक्त कसे राहावे' यावर पाहुण्यांचं व्याख्यान. त्या व्याख्यानाला नाइट ड्युटी करून आलेली सिस्टर सक्तीने बसवलेली असते.

केक वाईट नाही. पण त्यातून एक चुकीचा संदेश जातो: तणाव ही तुझी अडचण आहे, तू श्वास नीट घे.

ज्या हॉस्पिटलांमध्ये खरंच फरक पडला, तिथे वरिष्ठांनी वेगळी कामं केली. ती कोणती?

१. टेबलामागून उठून वॉर्डमध्ये जाणं. अमेरिकेत १९८० च्या दशकात नर्सचा मोठा तुटवडा होता. तरीही काही हॉस्पिटलांत नर्स टिकून होत्या. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ नर्सिंगने १९८३ मध्ये अशा ४१ हॉस्पिटलांचा अभ्यास मांडला आणि त्यांना 'मॅग्नेट', म्हणजे लोहचुंबक म्हटलं. तिथली एक समान गोष्ट म्हणजे नर्सिंग विभागाच्या प्रमुख वॉर्डमध्ये दिसायच्या. त्या ऐकून घ्यायच्या आणि वॉर्डचे निर्णय वॉर्डमध्येच होऊ द्यायच्या. राउंड आपल्याकडेही होतो. पण तो चुका पकडायला होतो की 'तुमचं काय अडलंय' हे विचारायला, यावर सगळं अवलंबून असतं. महिनाभर बंद पडलेलं सक्शन मशिन दोन दिवसांत दुरुस्त झालं, तर वॉर्डला कळतं की सांगून उपयोग होतो.

२. 'थांबा' म्हणायचा हक्क देणं. सिॲटलमधल्या व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटलने २००२ च्या सुमारास टोयोटाच्या कारखान्यातली एक पद्धत उचलली. कारखान्यात कुठल्याही कामगाराला दोष दिसला तर तो लाइन थांबवू शकतो. तसंच हॉस्पिटलमध्ये कुणालाही, मग ती नर्स असो की टेक्निशियन, पेशंटला धोका दिसला तर तो काम थांबवून अलर्ट देऊ शकतो आणि वरिष्ठांना तातडीने लक्ष घालावं लागतं. २००४ मध्ये याच हॉस्पिटलमध्ये चुकून जंतुनाशक द्रव टोचलं गेल्याने एका महिलेचा मृत्यू झाला. हॉस्पिटलने ते दडपलं नाही. चूक जाहीरपणे कबूल केली आणि कुणा एकाचा बळी देण्याऐवजी अशी चूक होऊच शकली कशी, हे शोधलं. वरिष्ठच चूक कबूल करताहेत म्हटल्यावर खालच्यांनाही बोलायचं बळ मिळालं.

३. मार खाल्ल्यावर पाठीशी उभं राहणं. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि महाराष्ट्रभरातले हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर असलेल्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. दोन्ही वेळी डॉक्टरांच्या रागाचं एक मोठं कारण होतं, आपली संस्था आपल्यासाठी उभी राहत नाही, ही भावना. आर. जी. कर प्रकरणानंतर आठवडाभरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने केंद्रीय संस्थांना आदेश दिला. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर करायची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. मार खाल्लेल्या माणसाने एकट्याने पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढायच्या आणि संस्थेने सोबत जायचं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

४. ड्युटीचा तक्ता माणसांसाठी बनवणं. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी, असा केंद्राचा नियम १९९२ चा आहे. प्रत्यक्षात सलग २४ आणि ३६ तासांच्या ड्युट्यांबद्दल निवासी डॉक्टर आजही तक्रार करतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये मेडिकल विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्याच्या पाहणीत सहभागी झालेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास काम आणि एक सुट्टी, ही या टास्क फोर्सची शिफारस आहे. आठवड्याला ७४ तास ही 'सवलत' वाटावी, यातच परिस्थिती कळते. स्टाफ वाढवणं डीनच्या हातात नसेल. पण ड्युटीचा तक्ता वेळेवर लावणं, लाडक्याला सोपी आणि न आवडत्याला सलग नाइट असा भेदभाव न करणं, हे युनिट हेडच्या आणि मेट्रनच्या हातात असतं.

५. कौतुक टीमचं करणं. केंद्र सरकारची 'कायाकल्प' योजना २०१५ पासून स्वच्छ सरकारी हॉस्पिटलांना बक्षीस देते. मोठ्या राज्यांतल्या सर्वोत्तम जिल्हा रुग्णालयाला ५० लाख रुपये मिळतात. बक्षिसाच्या रकमेतला २५ टक्के भाग टीमला प्रोत्साहन म्हणून देता येतो. हॉस्पिटल स्वच्छ ठेवण्यात सफाई कामगार, वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. फोटोत मात्र ते शेवटच्या रांगेत असतात, किंवा नसतातच. त्यांना पुढे बोलावायला वेगळं बजेट लागत नाही.

पण माणसंच कमी असतील तर?

हा आक्षेप योग्य आहे. एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असतील, तर जगातला कुठलाही समजूतदार वरिष्ठ तिचा भार हलका करू शकणार नाही. रिकामी पदं, कंत्राटी भरती, रखडलेले पगार यांवर 'सकारात्मक राहा' हा उपाय असूच शकत नाही. उलट या गोष्टी झाकण्यासाठी हे शब्द वापरले गेले, तर स्टाफचा राहिलेला विश्वासही जातो.

पण इथेच चांगल्या वरिष्ठाचं आणखी एक काम सुरू होतं: वर बोलणं. किती जागा रिकाम्या आहेत, कुठलं औषध संपलंय, किती बाळांमागे एक वॉर्मर आहे, हे लेखी कळवणं, पुन्हा कळवणं आणि त्यासाठी थोडी नाराजी ओढवून घेणं. खालच्याकडून खरं ऐकायचं आणि ते न लपवता वर पोहोचवायचं.

आता नांदेडच्या घटनेकडे पुन्हा पाहा. वर कळवणाऱ्या डीनच्या हातात कॅमेऱ्यासमोर झाडू दिला जाणार असेल, तर पुढचा डीन काय शिकेल? जागा रिकाम्या आहेत हे सांगण्यापेक्षा टॉयलेट चकचकीत ठेवा आणि साहेब येणार असतील तेव्हा सगळं ठीक दाखवा, हेच.

मग चुकणाऱ्याला काही बोलायचंच नाही का?

बोलायचं. कारवाईही करायची. पण आधी फरक करायचा.

पेशंटच्या सुरक्षिततेवर काम करणारे लोक चुकीचे साधारण तीन प्रकार करतात. पहिली, माणसाकडून होणारी साधी चूक. दोन औषधांच्या बाटल्या सारख्याच दिसतात, रात्रीची वेळ, गल्लत झाली. इथे माणसाला आधार द्यायचा आणि बाटल्या वेगळ्या ठेवायच्या. दुसरी, शॉर्टकटची सवय. हात न धुता पुढच्या पेशंटकडे जाणं. इथे स्पष्ट समज द्यायची आणि शॉर्टकट का घेतला जातो, बेसिनला पाणी तरी आहे का, हेही बघायचं. तिसरी, जाणूनबुजून केलेली बेपर्वाई. दारू पिऊन ड्युटीवर येणं, पैसे मागणं, पेशंटशी मुद्दाम वाईट वागणं. इथे शिक्षा हवीच.

तिन्ही प्रकारांना एकच शिक्षा, तीही चौकशीआधी आणि चारचौघांत, असं झालं की पहिल्या प्रकारातला प्रामाणिक माणूस लपवायला शिकतो. तिसऱ्या प्रकारातल्या निर्ढावलेल्या माणसाला मात्र फारसा फरक पडत नाही. सगळ्यांनाच बोलणी बसत असल्याने तो गर्दीत लपून जातो.

गोमेकॉसारख्या प्रकरणात तक्रार आल्यावर दोन्ही बाजू बंद दाराआड ऐकता आल्या असत्या. त्या महिलेला त्याच दिवशी इंजेक्शन कुठे मिळेल हे सांगता आलं असतं. डॉक्टर उद्धट बोलले असतील, तर त्यांना समज देता आली असती. आणि तातडीचे नसलेले पेशंट कॅज्युअल्टीत येतात तेव्हा त्यांना कुठे पाठवायचं, याची पाटी आणि माणूस दारातच ठेवता आला असता. यातलं काहीच व्हायरल झालं नसतं.

आपला याच्याशी काय संबंध?

हॉस्पिटलमध्ये तुमचं माणूस ॲडमिट असतं तेव्हा तुम्हाला डॉक्टरांच्या डिग्र्या भिंतीवर दिसतात. वॉर्डचं वातावरण दिसत नाही. पण थोडं लक्ष दिलं तर कळतं. मोठे डॉक्टर राउंडला आल्यावर सिस्टर काही सांगायला पुढे येते की मागे सरकते? ज्युनिअर डॉक्टर 'मला खात्री नाही, सरांना विचारतो' असं म्हणू शकतो का? ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला तुमच्या पेशंटबद्दल नीट सांगते का? जिथे हे होतं, तिथे तुमचा पेशंट जास्त सुरक्षित आहे.

आणि पुढच्या वेळी एखादा नेता हॉस्पिटलमध्ये कुणाला तरी झापतानाचा व्हिडिओ समोर आला, तर शेअर करण्याआधी एक प्रश्न विचारता येईल. ज्या पेशंटसाठी हे चाललंय, त्याचं काम झालं का?

कारण कॅमेरा निघून जातो, साहेब निघून जातात. वॉर्डमध्ये रात्री तीच सिस्टर, तोच डॉक्टर आणि तोच पेशंट उरतो. डोस जास्त वाटतोय, असं तिच्या लक्षात येतं. फोन समोर असतो.

तिने तो उचलायला हवा.